कार्डांचं कर्ज फेडताना कळलेलं

सासऱ्यांच्या आजारपणात दवाखान्याची बिलं कार्डांवर चढत गेली. ते बरे होऊन जळगावच्या घरी आले, तेव्हा तीन कार्डांचं देणं डोक्यावर होतं. ते सगळं एका कर्जात आणून आम्ही फेडलं. त्यातून पक्कं कळलं ते असं: कर्जं नुसती एकत्र करून भागत नाही. व्याज कमी व्हायला हवं आणि जुनी वाट बंद व्हायला हवी.

१. हिशेब घरात सगळ्यांसमोर मांडा. खान्देशात सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा, हिशेब आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) समोरासमोर होतो, तसाच हाही व्हावा. एका वहीत प्रत्येक कार्डाची बाकी, व्याजदर आणि भरण्याची तारीख लिहा. आमची वही उघडल्यावरच मार्ग सुचायला लागले.

२. महिन्याचं व्याज वर्षाचं करून पाहा. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, वर व्याजावर १८ टक्के जीएसटी. १ लाखाच्या बाकीवर महिन्याला ३,५०० रुपये व्याज आणि ६३० रुपये कर. किमान रक्कम म्हणून ५,००० भरले, तर मुद्दल फिटतं फक्त ८७० रुपये! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

३. घरातलं सोनं कामी येऊ द्या. वैयक्तिक कर्ज आणि सोनेतारण, दोन्हींची चौकशी आम्ही केली. पतसंस्थेत जामीनदार लागणार होता, त्यासाठी धुळ्याचा भाऊ तयार होता. पण आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कपाटातून आपले तोडे काढून दिले. बँकेतल्या सराफाने ते कसोटीवर घासले, आतल्या लाखेचं वजन वजा केलं आणि निव्वळ सोन्यावर कर्ज ठरलं. व्याज कार्डाच्या पावपट. मात्र हप्ते थकले तर दागिन्यांचा लिलाव होतो, म्हणून झेपेल तेवढंच कर्ज घ्या.

४. छोट्या हप्त्याला भुलू नका. ३ लाखांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी ३ वर्षांत फेडलं, तर हप्ता सुमारे १०,२५० आणि एकूण व्याज ६९ हजार. तेच ५ वर्षांवर नेलं, तर हप्ता ७ हजारांच्या आत येतो, पण व्याज जवळपास १ लाख १९ हजारांवर जातं. प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड सही करण्याआधी विचारा.

५. कर्जाचे पैसे आले की कार्डं भरा आणि बंद करा. बिल भरल्यावरही मधल्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं, तेही चुकतं करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार बाकी नसेल, तर अर्ज केल्यापासून ७ कामकाजी दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला मिळतात. रिकामं झालेलं कार्ड हाताशी राहिलं, तर नवं कर्ज आणि जुनी सवय दोन्ही एकदम चालू राहतात.

६. घाबरून सेटलमेंट करू नका. कमी रकमेत मिटवलं की सिबिलच्या अहवालावर तशी नोंद राहते आणि पुढचं कर्ज अवघड होतं. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. त्रास झाला तर बँकेला लेखी कळवा. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. कार्ड भरायला विनापरवाना सावकाराकडे तर मुळीच जाऊ नका.

७. पुढच्या अडचणीची सोय आजच करा. पारोळा तालुक्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांना २०११ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या बचत गटांतल्या बायकांनी गोधड्या शिवून कमाई उभी केली. नियमित बचतीचा आधार किती मोठा असतो, ते आमच्याच जळगाव जिल्ह्यात दिसतं. हप्ता संपला की तेवढीच रक्कम आवर्ती ठेवीत टाका. आणि पेशंटला दाखल करतानाच महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. आता ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे आणि योजनेतल्या दवाखान्यांत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत होतात. कार्ड पुढे करण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा.