कमरेतली भूल कशी घ्यावी

खुब्याचा सांधा बदलायला बेळगाव-खानापूरकडून बंगळुरूला येणाऱ्यांना यशवंतपूर सोयीचं पडतं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सकाळीच तिथे उतरवते, मेट्रोचं स्टेशन जवळ आहे आणि तुमकूर रस्त्यावरचं ‘स्पर्श’ किंवा ब्रिगेड गेटवेजवळचं ‘मणिपाल’ (पूर्वीचं कोलंबिया एशिया) अशी मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. हे ऑपरेशन बऱ्याचदा रुग्णाला पूर्ण न झोपवता, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करून होतं. लोकांना खुबा कापण्यापेक्षा त्या सुईचीच धास्ती जास्त. वास्तविक यात रुग्णाच्या वाट्याला दोनच कामं येतात: भूलतज्ज्ञापासून काही लपवायचं नाही, आणि टेबलावर थोडा वेळ पाठ वाकवून स्थिर राहायचं.

पहिलं काम ऑपरेशनच्या काही दिवस आधी, तपासणीच्या वेळी. तिथे चालू गोळ्यांची नुसती यादी नेऊ नका, पाकिटंच पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न सगळ्यात नाजूक असतो, कारण मणक्याजवळ रक्त साकळलं तर पायांच्या नसा दाबल्या जातात. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद करतात, अपिक्सॅबान-रिव्हरॉक्सॅबान साधारण ३ दिवस आधी. अ‍ॅस्पिरिन पुष्कळदा चालूच ठेवतात. पण हृदयात स्टेंट असेल तर यातलं काहीही स्वतःच्या मनाने थांबवायचं नाही. हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून ते ठरवतात. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या ३-४ दिवस आधी बंद होतात, रक्तदाबाच्या काही गोळ्या त्या दिवशी सकाळी घेऊ देत नाहीत, काही मात्र घ्यायलाच लावतात. कुठली कुठल्या खात्यातली, हे कागदावर लिहून मागा.

आपल्याकडे हमखास लपवली जाणारी गोष्ट म्हणजे सांधेदुखीवर कुणीतरी दिलेली ‘पावडर’. असल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. महिनोन्‌महिने ते पोटात गेलं असेल तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड पुरेसं बनवत नाही आणि ऑपरेशनमध्ये रक्तदाब अचानक ढासळू शकतो. खुब्याचं हाड मरण्यामागेही पुष्कळदा स्टेरॉइड किंवा दारू असते, तेव्हा डॉक्टर विचारतात ते भोचकपणाने नव्हे. आधीचं मणक्याचं ऑपरेशन, पाठीवरचं गळू, हृदयाची झडप अरुंद असणं, कशाचं वावडं, तेही सांगून टाका. यातल्या काही कारणांमुळे ही भूल देताच येत नाही.

उपासाचा नियम सोपा आहे, तरी मोडतो तो चहापायी. हलकं खाणं ६ तास आधी थांबवायचं, तळलेलं आणि जड त्याहूनही आधी. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, अन्नात मोजतात. पहाटे ‘अर्धा कपच’ दिला म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं. कवळी, बांगड्या, मंगळसूत्र, नेलपॉलिश खोलीतच उतरवा. श्रवणयंत्र मात्र असू द्या म्हणून विनंती करा; टेबलावर सूचना ऐकू येणं फार गरजेचं असतं.

त्या सूचना कन्नडमध्ये येण्याची शक्यता आहे. डॉक्टर हिंदी-इंग्रजी बोलतील, पण खांदे धरून उभी असलेली सिस्टर घाईत ‘बेन्नु बग्गिसी’ म्हणेल, म्हणजे पाठ वाकवा; ‘अल्लाडबेडी’, म्हणजे हलू नका. सीमाभागातल्यांना हे सांगायला नको. पुण्या-साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या आजींना आदल्या रात्री एवढे दोन शब्द शिकवून ठेवा.

आता मुख्य भाग. सलाईन लागतं, छातीला ईसीजीच्या पट्ट्या, बोटाला चिमटा. टेबलाच्या कडेला बसवून पाय स्टुलावर ठेवतात आणि उशी कवटाळायला देतात. हनुवटी छातीला लावायची, खांदे सैल सोडायचे आणि कमरेचा भाग मागे ढकलायचा, मांजर पाठीची कमान करतं तसा. बहुतेक जण कमरेतून पुढे झुकतात आणि पाठ सरळच राहते. त्याने मणक्यांमधली फट उघडत नाही आणि सुई दोनदा-तीनदा टोचावी लागते. आखडलेल्या खुब्यामुळे नीट बसता येत नसेल तर दात-ओठ खाऊन बसू नका, सांगा. कुशीवर झोपवूनही हे करता येतं. खुबा मोडलेला असेल तर आधी जांघेजवळची नस बधिर करून मगच रुग्णाला हलवावं, असा आग्रह नातेवाइकांनी जरूर धरावा.

पाठ गार औषधाने पुसतात. मग त्वचा बधिर करायची बारीक सुई चुणचुणते. दुखायचं ते बहुतेक इथेच. नंतरची सुई केसासारखी बारीक असते आणि फक्त दाब जाणवतो. ती मज्जारज्जूत घुसेल ही भीती अनाठायी आहे: मोठ्या माणसात रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, आणि सुई तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये किंवा त्याखाली घालतात. पायात वीज चमकल्यासारखं झालं तर हलू नका, तोंडाने सांगा: ‘उजव्या पायात’ की ‘डाव्या’. सुईतून पाण्यासारखा थेंब आला की साधारण अडीच-तीन मिलिलिटर औषध जातं.

लगेच पाय गरम, मग जड होतात. भूल कुठवर चढली हे स्पिरिटचा बोळा लावून बघतात. गारवा कळतो का, याचं खरं उत्तर द्या. स्पर्श आणि ओढाताण कळत राहते, दुखत मात्र नाही. मळमळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर गप्प बसू नका. रक्तदाब उतरल्याची ती खूण असते आणि औषधाने तो मिनिटाभरात वर येतो.

करवत-हातोडीचा आवाज येतो. १८९८ साली जर्मनीत आउगुस्ट बीअर यांनी ही भूल पहिल्यांदा वापरली, तेव्हा त्यांनी बधिर झालेल्या सहकाऱ्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारून पाहिली होती, म्हणजे हातोडीशी या भुलीचं नातं जुनंच. आवाज नको असेल तर आधीच गुंगीचं औषध किंवा हेडफोन मागून घ्या. आणि भूल लागली नाही किंवा अपुरी पडली, तर पूर्ण भूल दिल्याने काही बिघडलं असं मानू नका. खुबा मोडलेल्या १,६०० रुग्णांवरचा अमेरिका-कॅनडातला मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ६० दिवसांनी चालता येणं आणि जगणं यांत दोन्ही भुलींमध्ये ठळक फरक आढळला नाही.

बाहेर आल्यावर थंडी वाजून अंग थरथरतं. गरम हवेचं पांघरूण मागा. पायांची बोटं हलायला लागली की वेदनाशामक सुरू करायला सांगा, कळ येण्याची वाट पाहू नका. पाय हलले म्हणून एकट्याने उठायचं नाही. लघवी तुंबली तर नळी घालतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गावी परतल्यावर दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की उतरतं, असं पहिल्या काही दिवसांत झालं तर त्यावर उपचार आहे, भूलतज्ज्ञाला फोन करा. पण भूल उतरल्यानंतर पाय पुन्हा लुळे पडू लागले, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा तापाबरोबर पाठ असह्य दुखू लागली, तर डिस्चार्जचा कागद घेऊन त्याच तासाला एमआरआयची सोय असलेलं जवळचं रुग्णालय गाठा, आणि पाठीत भूल कोणत्या तारखेला दिली ते दारातच सांगा.