बांधकाम-कामगाराचे कौशल्य : संपादन आणि जोपासना

इमारतीचे सामर्थ्य केवळ विटा, सिमेंट व पोलाद यांच्या गुणांवर अवलंबून नसते. ही द्रव्ये हाताळणाऱ्या माणसाच्या कौशल्यावरही ते तितकेच अवलंबून असते. कारखान्यातून उत्तम सिमेंट आले, परंतु गवंड्याने त्यात वाजवीपेक्षा अधिक पाणी घातले, तर भिंत दुबळीच होते. यास्तव कारागिराचे कौशल्य हाही बांधकामाचा एक घटक मानला पाहिजे. ते कसे येते व कशाने टिकते, हे दिल्लीच्या दक्षिणेस असलेल्या फरीदाबाद नगराच्या उदाहरणावरून चांगले समजते.

कौशल्याचे संपादन

१९४७ च्या फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातील बन्नू, डेरा इस्माईलखान इत्यादी जिल्ह्यांतून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ मध्ये फरीदाबाद येथे नवे नगर वसविण्याचे काम हाती घेण्यात आले. हे काम ठेकेदारांवर न सोपविता, ज्यांना त्या घरांत राहावयाचे होते त्यांच्याच हातून ते करवून घ्यावे, असे ठरले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने या कामी साहाय्य केले. निर्वासितांपैकी अनेकजण मूळचे व्यापारी व दुकानदार होते. त्यांनी पूर्वी कधी करणी हाती धरली नव्हती. तरीही हजारो घरे उभी राहिली. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, खऱ्या कामावरच शिकविले असता प्रौढ माणूसही नवा व्यवसाय आत्मसात करू शकतो, हे यावरून सिद्ध झाले.

मात्र हाताला वळण लागणे म्हणजे कौशल्याचा अर्धाच भाग होय. दुसरा अर्धा भाग म्हणजे कारणांचे ज्ञान. ओळंबा लावून भिंत उभी ठेवणे, पाणसळीने थर सपाट राखणे, दोरीवर ३, ४ व ५ हात मापून पायाचा काटकोन साधणे, या गोष्टी पाहून येतात. परंतु वीट आधी का भिजवावयाची? कोरडी वीट मालातील पाणी शोषून घेते. मग सिमेंटच्या रासायनिक क्रियेस पाणी उरत नाही व सांधा कच्चा राहतो. याउलट कालविताना पाणी अधिक झाले, तर ते वाळून गेल्यावर मालात सूक्ष्म पोकळ्या राहतात. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरणेही तितकेच अपायकारक होय. ज्यास हे कारण समजले, तो देखरेख नसतानाही चूक करीत नाही.

कौशल्याची जोपासना

फरीदाबादच्या उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. घरे बांधून होत आली, तसा त्या हातांना पुढे काम कोणते, हा प्रश्न उभा राहिला. नगरात कारखाने आणणे हा त्यावरील मुख्य उपाय ठरला. रोजगाराच्या दृष्टीने तो योग्यच होता; पण जो गवंडी कारखान्यात गेला, त्याच्या हाताचा सराव अर्थातच सुटला. काम खंडित झाले की कौशल्यही क्षीण होते.

सराव चालू असला तरी कौशल्य जुने होऊ शकते, कारण साहित्य बदलत असते. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटवर निदान ७ दिवस पाणी मारावे, असा भारतीय मानकाचा नियम आहे. आज मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे राखमिश्रित सिमेंट सावकाश बळ धरते. त्यास किमान १० दिवस पाणी लागते आणि उन्हाळ्यातील उष्ण व कोरड्या हवेत १४ दिवस देणे इष्ट असते. जुन्या सवयीने सातव्या दिवशी थांबणारा कामगार आळशी नसतो. त्याचे शिक्षण मागे पडलेले असते. तसेच भूकंपप्रवण प्रदेशात खांबाच्या रिंगांची टोके १३५ अंशांत वळवून आत घ्यावी लागतात. ती ९० अंशांतच ठेवली, तर हादऱ्याने वरचे काँक्रीट निखळताच रिंग उघडते व खांब कोसळू शकतो. हा फरक नकाशात बारीक दिसतो. घरात झोपलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा असतो.

ज्ञान कामापर्यंत पोहोचविणे

फरीदाबाद जिल्ह्यातील वल्लभगड येथे राष्ट्रीय सिमेंट व बांधकाम-साहित्य परिषदेची प्रयोगशाळा आहे. १९६२ मध्ये संशोधन-संस्था म्हणून तिचा आरंभ झाला. परंतु प्रयोगशाळेतील निष्कर्ष परातीपर्यंत पोहोचला तरच त्याचा उपयोग. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. कामावरच शिकलेल्या अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन त्यास प्रमाणपत्र देण्याची सोयही अलीकडे झाली आहे. यांना जोड हवी ती प्रत्यक्ष कामावरील शिक्षणाची. नवे साहित्य येईल तेव्हा मिस्त्रीने आपल्या गवंड्यांस व बिगाऱ्यांस त्याची रीत व कारण दोन्ही सांगावी, मजुरी न कापता त्यासाठी वेळ द्यावा, आणि बिगाऱ्याच्या हाती करणी देऊन त्यास पुढील पायरी चढू द्यावी. एवढे झाल्यास कौशल्य एका माणसापुरते न राहता पुढील पिढीच्या हाती जाईल.