कॉर्डलेस माईक : घेणे, मांडणे आणि किरायाने देणे

गोसीखुर्दच्या धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून वैनगंगेच्या या काठावर सभा काही थांबलेल्या नाहीत. मोबदल्याची सभा, पुनर्वसनाची सभा, नव्या गावठाणातील नाल्या-रस्त्यांची सभा, कालव्याच्या पाण्याची सभा. या सभांचे एक दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. मंचावर बसलेल्या साहेबांपुढे माईक असतो, आणि ज्याचे शेत बुडाले तो मागच्या रांगेत उभा राहून ओरडत असतो. त्याचे निम्मे बोलणे वाऱ्यावर जाते. बायका तर उठतच नाहीत, कारण एवढ्या लांबून ओरडणे त्यांना बरे वाटत नाही. मग इतिवृत्तात "ग्रामस्थांनी आपली मते मांडली" एवढे एक वाक्य येते आणि मामला तिथेच संपतो.

मागच्या रांगेतील माणसाच्या हातात माईक देणे हा यावरचा साधा इलाज आहे. वायरचा माईक दीडशे फूट गर्दीतून ओढत नेता येत नाही. वायर पायात येते, तुटते, नाही तर माईकवाला पोहोचेपर्यंत साहेब पुढच्या विषयावर गेलेले असतात. येथे बिनवायरचा माईक कामी येतो. त्याला आपल्याकडे सर्रास कॉर्डलेस म्हणतात. आपल्या समाजातील बरेच तरुण बिछायत केंद्र, मंडप-डेकोरेशन आणि साउंडच्या धंद्यात आहेत. मंडपाचे कापड मी त्यांनाच विकतो, त्यामुळे त्यांचा हिशेब आणि त्यांच्या अडचणी दोन्ही कानावर असतात. कॉर्डलेसबाबत तक्रार एकच असते, ती म्हणजे ऐन वेळी आवाज तुटतो. बहुतेक लोक याचा दोष सेटच्या किमतीला देतात. माझ्या मते दहातील आठ वेळा दोष मांडणीचा आणि सेलचा असतो. पाच हजारांचा सेट नीट मांडला तर चालतो, आणि पंचवीस हजारांचा सेट टेबलाखाली ठेवला तर रडतो.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. माईकच्या दांड्यात एक छोटे रेडिओ स्टेशन असते, त्याला ट्रान्समीटर म्हणतात. अॅम्प्लिफायरजवळ जो डबा ठेवतात तो रिसिव्हर, म्हणजे त्या एकाच स्टेशनवर लावलेला रेडिओ. कॉलर माईकमध्ये ट्रान्समीटर वेगळा असून कमरेला लावतात. अमेरिकेतील शूर कंपनीने १९५३ साली असा बिनवायरचा माईक बाजारात आणला होता, म्हणजे ही कल्पना काही आजची नाही. मात्र रेडिओ म्हटला की सरकार आले. कोणत्याही लहरीवर कोणीही बोलावे अशी मुभा नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना मोकळा आहे. सेट घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा : हा कोणत्या लहरीवर चालतो, आणि केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाची मंजुरी याला आहे का. बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या.

आखातातून आलेले किंवा जुन्या बाजारातील सेट स्वस्तात मिळतात. त्यांच्यावर ७०० ते ८०० मेगाहर्ट्झच्या दरम्यानचा आकडा छापलेला असेल तर हात लावू नका. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाईल कंपनीने घेतला आहे. म्हणजे त्या लहरीवर तुमचा माईक बेकायदा तर आहेच, शिवाय मंडपातील शेकडो मोबाईल त्याच घरात घुसणार. असा सेट पुढच्या ग्राहकाला ही गोष्ट न सांगता विकणे तर आपल्याला जायजच नाही. मालातील ऐब सांगून विकावा, हा आपला दीन आहे.

मोकळ्या दोन पट्ट्यांत निवड कशी करावी? २.४ गिगाहर्ट्झवर वायफाय आणि ब्लूटूथही चालतात. छोट्या हॉलमध्ये, शाळेत, दुकानाच्या उद्घाटनाला हा सेट ठीक. पण त्याची लहर आखूड असते, फक्त साडेबारा सेंटीमीटर, आणि माणसाच्या अंगातील पाणी ती शोषून घेते. बोलणारा पाठ फिरवून उभा राहिला की आवाज गेला. चार भिंतींत ती लहर भिंतीवर आपटून वळसा घालून तरी पोहोचते. गोसीखुर्दसारख्या उघड्या मैदानावर, जिथे एका बाजूला अकरा किलोमीटरहून लांब धरण आणि दुसरीकडे सपाट शेत, तिथे आपटायला काहीच नाही. म्हणून मोठ्या सभेचे, इज्तेमाचे किंवा ईदगाहचे काम करणाऱ्याने दुसऱ्या पट्ट्याचा सेट घ्यावा. आणि शक्यतो दोन अँटेनांचा खरा डायव्हर्सिटी रिसिव्हर घ्यावा. त्यात दोन्ही अँटेनांवर लक्ष ठेवून जिथे लहर जोरात येते ती बाजू यंत्र स्वतः धरते. काही स्वस्त डब्यांना दोन अँटेना नुसत्या शोभेला असतात, तेव्हा विचारून घ्या.

मांडणी

रिसिव्हरला माईक "दिसला" पाहिजे, हे सूत्र. माणसे उभी राहिली की त्यांच्या डोक्यांची भिंत तयार होते आणि लहर तिच्यात मुरते. म्हणून रिसिव्हर डोक्याच्या वर, सहा-सात फुटांवर, स्टँडवर किंवा मंडपाच्या बल्लीला बांधून ठेवा. लोखंडी पाईपला चिकटवू नका, टिनाच्या पत्र्यामागे ठेवू नका. अॅम्प्लिफायर, जनरेटर आणि एलईडीच्या रोषणाईपासून चार-सहा फूट दूर ठेवा. आजकालच्या स्वस्त एलईडी पट्ट्या फार खरखर सोडतात. अँटेना दोन असतील तर व्ही आकारात उघडा. दोन रिसिव्हर एकमेकांवर ठेवून त्यांच्या अँटेना एकमेकांना चिकटलेल्या मी कितीतरी लग्नांत पाहिल्या आहेत. जागा कमी असेल तर डबे बाजूबाजूला ठेवा, पण अँटेनांमध्ये वीतभर अंतर हवेच. रिसिव्हर मंचावर असण्याचीही सक्ती नाही. प्रश्न विचारणारे मागे बसणार असतील तर तो मैदानाच्या मध्यावर आणा आणि तिथून अॅम्प्लिफायरपर्यंत चांगली शिल्डची वायर ओढा. वायर एका जागी पडून राहिली तर तिची हरकत नाही.

आता चालू करण्याचा क्रम. प्रथम सर्व माईक बंद ठेवून फक्त रिसिव्हर चालू करा. माईक बंद असताना जर रिसिव्हरचा लहर दाखवणारा दिवा पेटला, तर त्या चॅनेलवर आधीच कोणी आहे. चॅनेल बदला. दिवा विझलेला राहील त्या चॅनेलवर माईक जुळवा. मग मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला बोलायला लावा. आवाजाचा तांबडा दिवा क्वचित लुकलुकला तर प्रमाण ठीक. सतत पेटला तर माईकचा गेन कमी करा. त्यानंतर माईक हातात घेऊन बोलत बोलत मैदानाच्या चारही कोपऱ्यांत फिरा, आणि माईक मुद्दाम अंगामागे धरूनही पाहा. रिकाम्या मैदानात जिथे आवाज जेमतेम पोहोचतो, तिथे गर्दी जमल्यावर तो पोहोचणार नाही हे लक्षात ठेवा. एवढी तपासणी वीस मिनिटांची आहे. ती न करता आलेला माणूस "हॅलो, माईक टेस्टिंग" दोनदा म्हणतो आणि चहाला जातो.

तीन-चार माईक एकत्र चालवायचे असतील तर एक गणित समजून घेतले पाहिजे. लोक समान अंतरावर चॅनेल ठेवतात : ८६६.०, ८६६.५ आणि ८६७.०. दिसायला सुबक, पण चुकीचे. जवळजवळच्या दोन लहरी एकमेकींत मिसळून तिसरी लहर तयार करतात. दुसरीची दुप्पट करून पहिली वजा करा : १७३३.० वजा ८६६.० बरोबर ८६७.०. म्हणजे पहिल्या दोन माईकांनी तिसऱ्याच्याच घरात भूत सोडले. तिसरा ८६७.३ वर नेला की हे भूत ८६७.० वर मोकळे फिरेल, कोणाला त्रास नाही. ज्यांना गणित नको त्यांनी कंपनीने ठरवून दिलेल्या एकाच ग्रुपमधील वेगवेगळे चॅनेल घ्यावेत. ते हिशेब करूनच ठरवलेले असतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट एकत्र आणले की हे संरक्षण संपते.

शिटी वाजण्याचा मामला वेगळा आहे, त्याचा रेडिओशी संबंध नाही. भोंग्यातून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की किंकाळी निघते. वायरचा माईक एका जागी असतो. कॉर्डलेसवाला मात्र बोलत बोलत थेट भोंग्यापुढे जाऊन उभा राहतो. म्हणून भोंगे पुढे आणि माईक मागे, ही हद्द बोलणाऱ्याला आधीच दाखवून द्या. मागच्या रांगेत माईक जाणार असेल तर तिथले भोंगे त्या वेळेपुरते हळू करा. माईकची जाळी मुठीत धरू नये, त्यानेही शिटी वाजते. आणि शेपटीलाही धरू नये, कारण बऱ्याच माईकांत अँटेना तिथेच असते. नव्या वक्त्याला, विशेषतः पहिल्यांदा बोलणाऱ्या बाईला, माईक देताना दांडा मधोमध धरायला आणि तोंडापासून चार बोटांवर ठेवायला प्रेमाने सांगा. धरणाच्या बाजूने वारा येतो, तेव्हा स्पंजची टोपी खिशात असू द्या.

मशिदीतील कॉलर माईक

इमाम साहेबांच्या कॉलर माईकमध्ये खरखर येते ती पुष्कळदा कापडाची असते. पॉलिस्टरचा आणि खळ दिलेला कडक कापडाचा कुर्ता हालचालीबरोबर वाजतो, रुकू-सजद्यात तर फारच. थंडीच्या कोरड्या हवेत पॉलिस्टर घासून वीज धरते, तिचे चटचट आवाज वेगळेच. धुतलेले मऊ सुती कापड सर्वांत शांत. माईक छातीवर वीतभर खाली, वरच्या बाजूच्या पट्टीला लावा, म्हणजे दाढी किंवा रुमाल त्यावर घासणार नाही. ट्रान्समीटरची अँटेना कमरेत दुमडून खोचू नका.

नमाजमध्ये माईक मध्येच बंद पडला तर मागच्या सफी आणि वरच्या मजल्यावरचे लोक इमामापासून तुटतात. कोणी रुकूत, कोणी उभे. म्हणून कॉर्डलेस कितीही चांगला असला तरी मोठ्या जमातीत मुकब्बिर ठरवून ठेवावा. तो जुना इंतजाम आजही सर्वांत भरवशाचा आहे. तरावीहला रोज नवे चार्ज केलेले सेल घाला, कालचे "अजून चालतील" म्हणून चालवू नका. आणखी एक : नमाजनंतर माईक बंद करण्याची जबाबदारी एकाच माणसावर असू द्या. वजूखान्यातील बोलणे साऱ्या मोहल्ल्याने ऐकावे असे कोणाला वाटेल? निकाहच्या वेळी वधूकडून इजाजत घेताना घरातील बोलण्याबाबतही हीच खबरदारी. साध्या अॅनालॉग सेटचे बोलणे त्याच लहरीचा दुसरा रिसिव्हर असलेला कोणीही ऐकू शकतो, हे माहीत असावे.

सेल आणि किराया

साधे स्वस्त जस्ताचे सेल कॉर्डलेससाठी निरुपयोगी आहेत. एक तर अल्कलाईन घ्या, नाही तर चार्ज होणारे निकेलचे, २००० मिलिअँपिअर-तास किंवा त्याहून वरचे. चार्ज होणारा सेल दीड नव्हे तर १.२ व्होल्टचा असतो, म्हणून काही माईकांचे बॅटरीचे चिन्ह सुरुवातीपासूनच कमी दाखवते; त्याने घाबरू नये. जोड्या खुणा करून वेगळ्या ठेवा, जुना-नवा एकत्र घालू नका. काम संपल्यावर सेल काढून ठेवा, नाही तर पावसाळ्यात गळून आतील पत्र्या खातात.

किराया ठरवताना आपले तरुण फक्त शेजाऱ्याचा दर पाहतात. समजा सेट बारा हजारांचा आहे, तीन वर्षे टिकेल आणि वर्षाला चाळीस कामे मिळतील. एकशे वीस कामांवर बारा हजार वाटले तर प्रत्येक कामामागे शंभर रुपये नुसती झीज. त्यावर सेल, दुरुस्ती, जाणे-येणे आणि माणसाची मजुरी. दीडशेत कॉर्डलेस देणारा भांडवल खातो आहे, त्याला ते तीन वर्षांनी कळेल. सेट व्याजी कर्जाने घेण्यापेक्षा दोघांनी शिरकतीत घेतलेला बरा. नफ्याचे प्रमाण आणि नुकसान कसे सोसायचे ते आधी लिहून ठेवा. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, तोच शिरस्ता किरायालाही लावावा. चिठ्ठीवर तारीख, वेळ, माईकांची संख्या, बयाणा आणि हरवला-फुटला तर कोणाचे काय, एवढे असले म्हणजे झाले. सोबत एक वायरचा माईक न सांगता न्या, त्याचा किराया लावू नका.

माईक बिनवायरचा झाला म्हणून लाऊडस्पीकरचा कायदा सुटत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लेखी परवानगी हवी आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद. परवानगीची नक्कल यजमानाकडून आधीच मागून घ्या, कारण पोलीस आले तर सामान तुमचे जप्त होते, यजमानाचे नाही.

राहिली ती सभा. प्रकल्पग्रस्तांचे काम आले तर एक माईक मंचाला आणि दोन मैदानाला, असा हिशेब आयोजकांना आधीच सुचवा. मैदानातील दोन माईकांपैकी एक बायकांच्या बाजूला, एखाद्या मुलीच्या हातात द्या. ती उठून ज्या बाईजवळ जाईल तिला ओरडावे लागणार नाही. अॅम्प्लिफायरवर बसलेल्या मुलाने त्या वेळी मोबाईल पाहू नये, त्याने मैदानाकडे पाहावे. कोणाच्या हातात माईक गेला ते दिसले की त्याचीच कळ वर, बाकीच्या खाली.