होडी झिजते ती काठावर

फायबरची हलकी होडी घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : दगडाला लागली तर फुटेल का? माझ्या अनुभवाने सांगतो, त्याआधी दुसरा प्रश्न विचारा : ही होडी आजवर किती ओढली गेली आहे?

अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली वाघूर आमच्या पहूरवरून जाते, पुढे धरणात अडते आणि मग तापीला मिळते. हिवाळ्यात धरणाच्या फुगवट्याचं पाणी संथ असतं. वल्हवत जावं, काठावर मुक्काम करावा, सकाळी परतावं, एवढ्यासाठी मी आणि एका मित्राने जुनी कनू घेतली. कनू म्हणजे वरून उघडी, लांबट होडी. वल्ह्याला एकाच टोकाला पातं. 16 फूट लांब, दोघांना सहज उचलता येईल अशी, वर ताजा हिरवा रंग. विकणाऱ्याने रंगाचं कौतुक केलं, तळाबद्दल काही बोलला नाही.

तंबू, पाण्याचा कॅन आणि कळण्याच्या भाकरी घेऊन निघालो. दुपारी वारा सुटला आणि गुडघ्याखाली ओल जाणवली. वल्ह्यावरून ठिबकलं असेल म्हणून मगाने उपसलं. थोड्या वेळाने पुन्हा तेवढंच. जवळच थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं उचलणारे एक भोई काका ओरडले, “भाऊ, मांगून बसून राह्यली तुमची होडी. काठाले लावा!”

काठावर होडी पालथी केली. बुडालेल्या बाभळीच्या खोडाला सकाळी जिथे धडकलो होतो, तिथे नुसता ओरखडा होता. पाणी येत होतं मागच्या टोकाखालून. नखाने रंगाचा पोपडा काढला तर खाली जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराचा, पत्ता नाही. काचेच्या मॅटचे धागे पिकल्या केसांसारखे मोकळे झालेले. रिकामी होडी एक टोक धरून ओढली की सगळा भार दुसऱ्या टोकाच्या चार बोटं जागेवर येतो. मुरूम आणि काळा दगड तेवढीच जागा घासत राहतात. आधीच्या हातांनी वर्षानुवर्षं घासलेलं ते टोक रंगाखाली झाकलं होतं.

म्हणून जुनी होडी घेताना ती पालथी करून दोन्ही टोकं आधी बघा. नाण्याने तळ वाजवत जा. टणक आवाज ठीक. मध्येच बद्द आवाज आला तर तिथले थर सुटलेले आहेत. आतल्या बाजूला चांदणीसारखे पांढरे तडे दिसले तर तिथे बाहेरून मार बसला आहे. रंग नवा असेल तर जास्तच संशय घ्या.

प्रत्येक मालाची खोड वेगळी. फायबरग्लास स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं. केव्हलार त्याहून हलकं. मार खाऊन तडकलं तरी सहसा फाटून दोन तुकडे होत नाही, पण घासलं की त्याचा लोकरीसारखा केस उठतो आणि उन्हाने ते पिवळं पडतं. पॉलिएथिलीन दगडावरून घसरत जातं, मात्र जड असतं, त्यावर दुरुस्तीचं रेझिन धरत नाही आणि कडक उन्हात आवळून बांधलं तर खळगा पडतो. दगडाळ नद्यांवर नावाजलेलं रॉयलेक्स नावाचं प्लास्टिक बनवणंच 2014 च्या सुमारास थांबलं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. होडी सावलीत, दोन लाकडांवर पालथी ठेवा. जीपच्या टपावर पट्टा हाताने बसेल एवढाच घट्ट करा. काठाला गुडघाभर पाणी असतानाच उतरा, सामान काढा आणि मग दोघांनी उचला.

सोबत डक्ट टेप आणि कोरडं फडकं हवंच. ओल्या जागी टेप धरत नाही. पुसून, उन्हात तापू देऊन मग दोन्ही बाजूंनी लावा. एम-सील कडक होतं, होडीचा तळ मात्र लवतो, त्यामुळे ते कडेने सुटतं. पक्क्या दुरुस्तीसाठी जागा घासून, कोपरे गोल कापलेल्या काचेच्या कापडाचे लहानमोठे थर इपॉक्सीत बसवा. हे काम भल्या पहाटे करा. उन्हाळ्यात रेझिन भांड्यातच आवळतं.

फेब्रुवारीनंतर पाणी उतरू लागतं, तशी बुडालेल्या विहिरींची बांधकामं आणि खोडं वर येतात. कुठे काय आहे ते जाळंवाल्यांना विचारा. लाइफ जॅकेट घालूनच बसा. पावसाळ्यात वाघूरच्या प्रवाहात उतरूच नका. पाण्याने भरलेली कनू काही शे किलोंची होते. तिच्या आणि दगडाच्या मध्ये माणूस सापडला तर सुटका नाही.

शेवटी निवड तुमच्या हातांवर आहे. उचलायला दोन माणसं कायम असतील तर हलकी होडी घ्या, ती पुष्कळ टिकेल. एकट्याने ओढत न्यायची असेल तर सरळ पॉलिएथिलीन घ्या आणि छोट्या चाकांच्या गाड्याचे पैसे त्यातच धरा.