मुंबईला निघण्याआधी

कोल्हापूर,
आषाढ

चि. सईस,


फोनवर तू "काही नाही गं आत्या, थोडं लागलं" म्हणालीस आणि लगेच मुंबईच्या स्पर्धेचं सांगत सुटलीस. म्हणून फोन ठेवला आणि कागद घेतला. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही.

मागच्या रविवारचा तुमचा रग्बीचा सरावसामना जयूच्या धाकटीने मला मोबाईलवर दाखवला. तिला वाटलं, आत्याला कौतुक वाटेल. आधी वाटलंही. काय झेपावलीस त्या पोरीवर! पण नंतर उठलीस ती फार सावकाश, आणि जाऊन उभी राहिलीस ती समोरच्या संघाच्या रांगेत. त्यांच्यातल्याच एकीने तुला दंडाला धरून वळवलं. सगळ्या हसल्या, तूही हसलीस. मी तेवढाच तुकडा परत परत लावून बघितला. त्या रात्री तू जेवली नाहीस, उलटी झाली, आणि तरी बुधवारी सरावाला गेलीस, हे तुझ्या पुण्याच्या खोलीतल्या मुलीच्या आईकडून फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. त्यातलं खरं किती, खोटं किती, ते तूच सांग. पण चुकीच्या रांगेत उभी राहिलेली तू मला या डोळ्यांनी दिसलीस.

दादाला अजून बोललेले नाही. बोलले तर तो तुझं रग्बीच बंद करील आणि वहिनी देव पाण्यात बुडवून बसेल. नानांच्या डोक्याला लागलं त्याचं काय झालं, ते तुला माहीत आहेच. आपल्या घरात "डोक्याला लागलं" एवढे शब्द उच्चारले तरी काय होतं, ते तुला वेगळं सांगायला नको.

तू म्हणशील, मी बेशुद्ध कुठे पडले होते? अगं, नोकरीची सगळी वर्षं अपघात विभागात काढली मी. मेंदूला हादरा बसलेली बहुतेक माणसं बेशुद्ध पडतच नाहीत. ती उठतात, चालतात, "ठीक आहे" म्हणतात आणि चुकीच्या दारातून बाहेर जातात. डोकं जड होणं, उजेड नको वाटणं, मळमळ, विनाकारण चिडचिड, मघाशी काय झालं ते न आठवणं, यातलं एक असलं तरी पुरे. आणि पहिला हादरा निवळायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला अशी सूज येते की डॉक्टरच्याही हातात फारसं काही राहत नाही. 2011 साली उत्तर आयर्लंडमध्ये चौदा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या सामन्यात मार लागूनही खेळत राहिला. सामन्याच्या शेवटी कोसळला, तो वाचला नाही. त्यालाही बहुधा थोडंच लागलंय असंच वाटलं असेल.

"टीव्हीवर तर खेळाडू काही मिनिटं बाहेर जाऊन परत येतात," असं तू मागे एकदा म्हणाली होतीस. ते व्यावसायिक खेळाडूंसाठी आहे, बाई. तिथे प्रशिक्षित डॉक्टर असतात, मागेपुढे करून बघायला व्हिडिओ असतो, आणि त्या तपासणीतून पार पडला तरच तो परत येतो. तुमच्यासारख्या हौशी खेळात ती सोय नाही, म्हणून नियमही वेगळा आहे: संशय आला की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. मग थोडी विश्रांती, त्यानंतर पायरीपायरीने चालणं, पळणं, चेंडू, आणि सगळ्यात शेवटी धक्काबुक्की. सामना एकविसाव्या दिवसाच्या आत नाहीच, आणि तोही सगळा त्रास थांबला असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तर. आता कॅलेंडर काढ. मागच्या रविवारपासून मोज. तुमची स्पर्धा किती दिवसांवर आहे, ते मला सांगायला लावू नकोस.

हं, झालीस ना रागाने लाल?

दादासारखं "हा मुलींचा खेळ नव्हे" असं मी म्हणत नाही. उलट त्याच्याशी भांडताना मीच त्याला सांगते की 2019 मध्ये आपल्या मुलींनी मनिलाला सिंगापूरला हरवलं, पंधरा जणींच्या रग्बीतला तो त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय होता. आपला चिन्मय मुंबईत खेळायचा तेव्हा पावसाळ्यात आझाद मैदानाच्या कडेला, बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाशी, औषधांची पेटी मांडीवर घेऊन मी कितीतरी सामने पाहिलेत. तिथे हा खेळ पावसातच का खेळतात, तेही तिथेच कळलं. जमीन मऊ असते आणि क्रिकेटवाले घरी बसलेले असतात. तेव्हा खेळ मला कळत नाही असं समजू नकोस. आणि कर्णधार तू आहेस म्हणून पुढचं लिहिते. स्वतःसाठी नको तर बाकीच्या अकराजणींसाठी वाच.

निघण्याआधी एक गोष्ट ठरवा. कोणाला बाहेर काढायचं, हे कोण ठरवणार? ती व्यक्ती कर्णधार नको आणि प्रशिक्षकही नको, कारण दोघांनाही सामना जिंकायचा असतो. न खेळणारी, थंड डोक्याची एखादी मुलगी किंवा कोणाची तरी आई घ्या. तिने हात वर केला की विषय संपला. वाद हॉटेलवर, नाहीतर पुण्याला परत आल्यावर. मैदानाच्या कडेला मी पाहिलेली सगळी संकटं यातूनच आलीत. मार लागलेला सगळ्यांना दिसतो, पण "आता बस" म्हणायचा हक्क कोणालाच दिलेला नसतो. मग प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि शिट्टी वाजते.

त्या मुलीला, मार लागलेलीला विचारायचे पाच प्रश्न पाठ करायला लाव. आपण आत्ता कुठल्या मैदानावर आहोत? हा पहिला हाफ की दुसरा? शेवटचे गुण कोणी केले? याआधीचा सामना कोणाशी झाला? तो आपण जिंकलो का? यातल्या एकाचंही उत्तर चुकलं तर बाहेर. सगळी बरोबर आली पण चाल डळमळती असेल, तरी बाहेरच. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या थांबेनात, झोप अनावर झाली, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली किंवा कानानाकातून पाण्यासारखं काही आलं, तर रिक्षा-टॅक्सीत घालू नका, अँब्युलन्स बोलवा. मान दुखते म्हणाली तर तिला कोणीही उचलायचं नाही, पाणी पाजायला बसवायचंसुद्धा नाही. रात्री तिला एकटी झोपू द्यायची नाही आणि डॉक्टरला न विचारता दुखण्यावरची गोळी द्यायची नाही. तुझ्या खोलीतल्या मुलीला त्या रात्री हे माहीत नव्हतं. तिला दोष देऊ नकोस.

आणि ती मऊ टोपी. वहिनीने ती तुला हौसेने घेऊन दिली, माहीत आहे मला. ती घाल, कान सोलवटत नाहीत. पण मेंदूचा हादरा ती अडवते, असा पुरावा कोणीही दाखवलेला नाही. टोपी घातली म्हणून पोरी जास्त बेफिकीर होऊन डोकं घालतात, ते वेगळंच. माउथगार्ड मात्र प्रत्येकीकडे हवं, तेही स्वतःच्या दातांवर बसवलेलं. उसनं नाही.

टॅकलचं तुला मी काय शिकवणार? तरी सांगते, कारण त्या व्हिडिओत तुझं डोकं तिच्या पुढ्यात होतं. आपल्याकडच्या पोरी कबड्डीतून येतात, त्यांना पकड छान येते. पण कबड्डीत चढाईवाली आपल्याकडे चवड्यांवर नाचत येते. इथे दोघी पळत एकमेकींवर येतात. डोकं तिच्या अंगाच्या मागच्या बाजूला जायला हवं, गुडघ्यांच्या रेषेत पुढे नाही. खांद्याच्या वर हात गेला तर रेफरी शिट्टी मारणारच, आणि दोन मिनिटं बाहेर बसवलं तर उरलेल्या सहाजणींना अख्खं मैदान पळावं लागतं. सातजणींचा खेळ असला तरी मैदान पंधराजणींचंच असतं, हे नव्या मुली विसरतात.

सात-सात मिनिटांचे दोन हाफ ऐकून सोपं वाटतं. पण एका दिवसात असे तीन सामने, आणि मार लागतो तो तिसऱ्यात. पहिल्यात अंगात रग असते, दुसऱ्यात इरेला पेटलेल्या असतात, तिसऱ्यात पाय जड होतात आणि डोकं चुकीच्या बाजूला जातं. म्हणून बारा जणींना बाराजणींसारखं वापरा. सात वाघिणी आणि पाच पाणीवाल्या असं करू नका. मधल्या दोन-तीन तासांत वडापावच्या गाडीकडे कोणी फिरकायचं नाही. केळं, दहीभात, थोडी चिक्की, मीठ-साखरेचं पाणी. ओल्या कपड्यांत बसायचं नाही, आणि प्रत्येक सामन्याआधी अंग नव्याने गरम करायचं. गुडघ्याचे अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे, म्हणून ते करताना कंटाळा नको. पाळी असेल तर गडद चड्डी आणि जादा पॅड. पुढे ढकलायच्या गोळ्या एकमेकींच्या सल्ल्याने घेऊ नका. मुंबईच्या चिखलात खरचटलं तर लगेच साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आत्ताच बघून ठेवा, आणि परत आल्यावर महिन्याभरात ताप आला तर "चिखलात खेळले होते" हे डॉक्टरला पहिलं सांगा. लेप्टो अंगावर काढायचा रोग नाही.

बाकी किरकोळ. आधार कार्डं एकीकडे ठेवा. दोन रंगांच्या जर्सी न्या, समोरच्यांचा रंग तोच निघाला की पळापळ होते. कानातलं, अंगठी, वाढलेली नखं पुण्यातच ठेवा. रेफरीशी फक्त कर्णधाराने बोलायचं. डेक्कन क्वीनने त्याच दिवशी जाऊ नका. ती पुण्याहून सव्वासातला सुटते, पोचेपर्यंत तुमचा पहिला सामना झालेला असेल.

जर्सी उसन्या आहेत म्हणून तू फोनवर जरा ओशाळलीस. कशाला? सातजणांचा हा खेळच मुळात 1883 साली स्कॉटलंडमधल्या मेलरोजच्या क्लबची तिजोरी रिकामी होती म्हणून निघाला, आणि डोकं लढवलं ते गावातल्या एका खाटकाने. कपाचंही तेच. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कपासाठी अजून भांडतात, तो कलकत्त्याच्या क्लबाने बंद पडताना बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून घडवलाय. झाकणावर हत्ती आहे. यंदाचा कप तुम्हाला मिळाला तर मी गावभर पेढे वाटीन. नाही मिळाला तर पुढल्या पावसाळ्यात मिळवाल. पुढल्या पावसाळ्यात तू खेळायला हवीस, एवढंच माझं म्हणणं आहे.

मला शाळेत असताना कबड्डीच्या संघातून सांगलीला जायचं होतं. निवड झाली होती, बाईंनी घरी येऊन तुझ्या आजीला विनवलंही. आजी म्हणाली, पोरीची जात, परगावी रात्रीचं कोण राहणार. दादा त्याच आठवड्यात कुस्तीला सातारला जाऊन आला. भांडले नाही मी, रडलेही नाही, स्वयंपाकघरात जाऊन भाकऱ्या थापल्या. त्या मुली जिंकल्या की हरल्या हे मी कोणाला विचारलं नाही, आजवर मला माहीत नाही. तू हातात बॅग घेऊन "आत्या, येते" म्हणून निघतेस तेव्हा मला काय वाटतं, ते दादाला कळायचं नाही, तुलाही नाही. म्हणून तुला घरी बसवणारी मी शेवटची असेन. आज बसवतेय, तर त्यामागे किती भीती असेल याचा विचार कर. रात्री डोळा लागत नाही गं. मिटला की तू त्या रांगेत उभी दिसतेस, आणि मी कडेवरून हाका मारते तर तुला ऐकूच येत नाही.

उद्या सकाळी डॉक्टरकडे जा. खोलीतल्या मुलीला बरोबर ने. तू सगळं सांगणार नाहीस, ती सांगेल. सुट्टीच्या वेळी फोन कर, मी वाट बघतेय. दादाला मी सांगेन, माझ्या पद्धतीने सांगेन, तुझं रग्बी बंद होणार नाही याची जबाबदारी माझी. आजवर त्याच्याकडून मी बऱ्याच गोष्टी कबूल करून घेतल्यात, तुझ्या पुण्याच्या ॲडमिशनसकट.

आणि मुंबईला तुला जायचंच आहे. कर्णधार बाकावर बसली म्हणून कर्णधार राहत नाही असं थोडंच असतं. आत जाणाऱ्या पोरींना कोण ओरडून सांगणार, त्यांच्या पाण्यात मीठ कोण घालणार? मीही येतेय. महालक्ष्मीचं तिकीट काढलंय, सकाळी सीएसएमटीला उतरून चालत मैदानावर येईन. औषधांची जुनी पेटी आणतेच आहे. "आता बस" म्हणायला तुम्हाला कोणी मिळत नसेल, तर मी आहे. माझं कोणी ऐकलं नाही असं आजवर झालेलं नाही, हे तुझ्या बापाला विचार.

शेंगदाण्याचे लाडू करतेय, गुळाचे. तुम्ही बाराजणी, तुमच्या मॅडम, आणि ती समोरच्या संघातली, जिने तुला दंडाला धरून वळवलं. तिचा संघ येणार आहे का तिथे? येणार असेल तर कळव, तिच्यासाठी वेगळा डबा भरते.

तुझी,
आत्या