ॲव्हरेज कुठे गळते?

प्रश्न : मी डोंबिवली पूर्वेला राहतो. नोकरीसाठी रोज काटई नाका, शीळफाटामार्गे महापेला गाडीने जातो-येतो. १२०० सीसीची पेट्रोल गाडी घेतली तेव्हा कंपनीने लिटरला २१ किलोमीटर सांगितले होते. मला १३ च्या वर कधी मिळाले नाहीत. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी करतो. दोष गाडीत आहे की माझ्या चालवण्यात?

उत्तर : गाडीत बहुधा नाही, आणि बराचसा तुमच्यातही नाही. रस्त्याचा वाटा मोठा आहे. पण रस्ता जे खातो त्यातले थोडे वाचवणे तुमच्या उजव्या पायात आहे.

आधी तो २१ चा आकडा समजून घ्या. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतात. ही चाचणी जेमतेम २० मिनिटांची असते. अंतर ११ किलोमीटरच्या आत, कमाल वेग ताशी ९०, सरासरी ३२-३३, आणि एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, मध्येच घुसणारी रिक्षा नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असल्याने शोरूममध्ये दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम. पण संध्याकाळी काटई नाक्यावर ३२ ची सरासरी कोणाला मिळते? त्यात कल्याण-तळोजा मेट्रोच्या कामाने रस्ता आणखी आवळला आहे.

मग पेट्रोल जाते कुठे? एक म्हणजे उभ्या गाडीत. तुमच्या गाडीसारखे इंजिन जागेवर नुसते चालू ठेवले तरी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाते. एसी लावला की त्याहून जास्त. जाता-येता मिळून अर्धा तास कोंडीत गेला तर रोज पाव ते एक तृतीयांश लिटर संपले आणि अंतर कापले शून्य. आजच्या भावाने महिन्याला सात-आठशे रुपये झाले. इंजिन बंद करून पुन्हा चालू करायला साधारण दहा सेकंद उभे राहण्याइतकेच पेट्रोल लागते. तेव्हा सिग्नलचा आकडा साठवरून खाली येताना दिसला तर खुशाल बंद करा. रांग मात्र दर पंधरा सेकंदांनी दोन हात सरकत असेल तर बंद-चालू करत बसू नका. बॅटरीचे आणि स्टार्टरचे हाल होतात.

दुसरी गळती ब्रेकमधून होते, आणि माझ्या मते तीच मोठी आहे. गाडी आणि माणसे मिळून एक टन वजन धरा. ते थांबल्या जागेवरून ५० च्या वेगाला न्यायला १२ ते १५ मिलिलिटर पेट्रोल लागते, म्हणजे खोकल्याच्या औषधाचे एक झाकण. ब्रेक दाबला की ती सगळी शक्ती ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जाते. असे सत्तर-ऐंशी वेळा झाले की लिटरभर पेट्रोल गेले. आणि हे नुकसान वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० वरून थांबण्याऐवजी ३० वरून थांबलात तर ते जवळपास एक तृतीयांशावर येते.

म्हणून पुढच्या गाडीच्या बंपरवर नजर खिळवू नका, तिच्या पुढच्या दोन-तीन गाड्यांकडे बघा. पलावाच्या अलीकडे लांबवर लाल दिवे लागलेले दिसले की तिथेच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला आणि गाडीला आपोआप मंदावू द्या. मागचा हॉर्न वाजवेल, मोकळ्या जागेत एखादी रिक्षा घुसेल. घुसू द्या. तीन रिक्षा पुढे गेल्या तरी शीळफाट्याला सगळे एकाच रांगेत उभे असता. कोंडीत हाफ क्लचवर गाडी रेटत नेण्याऐवजी पुढे थोडी जागा होऊ द्या आणि मग क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरमध्ये सरका. रस्ता मोकळा मिळाला की इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या आसपास असतानाच वरचा गिअर टाका.

एसीबद्दल सांगायचे तर मे महिन्यातल्या डोंबिवलीत तो बंद ठेवा असे मी कोणाला सांगणार नाही. उन्हात तापलेली गाडी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटे काचा खाली ठेवून आतली गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. मोकळ्या रस्त्यावर ७०-८० च्या वेगात काचा बंद आणि एसी चालू हेच बरे, कारण उघड्या काचांमुळे वारा गाडीला मागे ओढतो.

टायरची हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना तपासा. आकडा चालकाच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर छापलेला असतो. पाच पीएसआय हवा कमी असली तर ॲव्हरेज साधारण एक टक्काच घटते, पण टायर लवकर झिजतो आणि ब्रेकही नीट लागत नाही. पेट्रोलच्या पाइपला लावायची चुंबके आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर एक रुपयाही घालवू नका. आणि फडके रोडपर्यंत भाजी आणायला गाडी काढत असाल तर ती सवय मोडा. थंड इंजिन पहिल्या दोन-तीन किलोमीटरला सर्वांत जास्त पेट्रोल पिते.

एवढे सांभाळलेत तर १३ चे १५ होतील. २१ मात्र या रस्त्यावर होणार नाहीत.

प्रश्न : कोपर पुलाच्या किंवा मुंब्रा बायपासच्या उतारावर गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचते, असे बाबा सांगतात. खरे आहे का?

उत्तर : बाबांनी प्रीमियर पद्मिनी चालवली असेल तर त्यांचे त्या काळापुरते बरोबर होते. त्या गाड्या कार्ब्युरेटरच्या. उतारावर गिअरमध्ये इंजिन जोरात फिरले की ते पेट्रोल ओढतच राही. न्यूट्रलला कमी ओढे.

आजच्या इंजेक्शनच्या गाडीत हे नेमके उलटे आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. इंजिनाला उतरणारी चाकेच फिरवत ठेवतात आणि पेट्रोल शून्य लागते. फेरे साधारण हजार-दीड हजाराच्या खाली आले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रल केलेत तर इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल जातच राहते. डॅशबोर्डवर त्या क्षणाचे ॲव्हरेज दाखवणारा आकडा असेल तर पुलाच्या उतारावर गिअर तसाच ठेवून पाय उचला. आकडा झटकन वरच्या टोकाला जाईल.

आणि बाबांना एवढे जरूर सांगा की न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. उतारावर इंजिनच बंद करणे तर जिवाशी खेळ आहे. स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपते. मुंब्रा बायपासवर मागे-पुढे कंटेनर असताना हा प्रयोग कोणीही करू नये.

प्रश्न : माझी २०१९ ची गाडी कल्याणमध्ये १५ देत होती, आता १४ वर आली आहे. हे ई-२० पेट्रोलमुळे का?

उत्तर : काही अंशी हो. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे १० टक्क्यांचे मिश्रण २० टक्क्यांवर गेले की लिटरमागे तीन-साडेतीन टक्के ऊर्जा घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही ई-२० साठी न बनवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज कमी होईल असे नमूद आहे : मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१० साठी जुळवलेल्या गाड्यांत ६ ते ७ टक्के, ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के. २० टक्के मिश्रणाची मुदत आधी २०३० होती, ती अलीकडे आणून २०२५ मध्ये लक्ष्य गाठले गेले. ग्राहकाला पंपावर निवड मिळायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण १५ चे १४ होण्याचे सगळे खापर इथेनॉलवर फोडण्याआधी मोजणी नीट करा. एकाच पंपावर पहिल्या ऑटो कटपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, टाकी पाव उरेपर्यंत चालवा आणि तिथेच पुन्हा पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा. किलोमीटरला लिटरने भागा. सलग तीन टाक्यांची सरासरी काढा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका. गाडीचे वर्ष, रोजचा रस्ता आणि हे तीन आकडे आम्हाला जरूर लिहून पाठवा.