डोंगर चढायला कोणते बूट घ्याल?

सहामाही परीक्षा संपते आणि वर्गातला कोणीतरी गडावर जाण्याची टूम काढतो. राजगड, हरिश्चंद्रगड, नाहीतर सरळ कळसूबाई! घरून परवानगी मिळते आणि मग प्रश्न येतो बुटांचा. दुकानात गेले, की दुकानदार जाड सोलचे, घोट्याच्याही वर येणारे, भक्कम दिसणारे बूट पुढे ठेवतो. आपण ते हातात तोलून पाहतो आणि मनाशी म्हणतो, "चांगले जड आहेत, म्हणजे टिकतील."

विद्यार्थी मित्रांनो, जड म्हणजे टिकाऊ हे समीकरण खरे आहे का, हे घरबसल्या तपासता येते. त्यासाठी घर्षण, दाब आणि बाष्पीभवन हे शाळेतले तीन धडे पुरेत. वडिलांच्या खिशातले बरेच पैसे यात जाणार असतात आणि ओल्या कातळावर तुमची हाडेही याच बुटांच्या भरवशावर असतात. तेव्हा थोडे गणित केले तर बिघडले कुठे?

आधी वजन पाहू. चालताना आपले धड साधारण एकसारख्या वेगाने पुढे जात असते. पायाचे तसे नसते. एका पावलाच्या आवर्तनात पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर टेकलेला, म्हणजे चक्क स्थिर असतो आणि उरलेल्या ४० टक्के वेळात हवेतून पुढे जातो. आता समजा, तुम्ही ताशी ४ किलोमीटर वेगाने चालत आहात. धडाबरोबर राहायचे तर पायाला सगळे अंतर त्या ४० टक्के वेळातच तोडले पाहिजे. म्हणजे हवेत असताना त्याचा सरासरी वेग ४ भागिले ०.४, अर्थात ताशी १० किलोमीटर होतो. धडाच्या वेगाच्या अडीच पट! गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि अडीचचा वर्ग होतो ६.२५. पाठीवरच्या पिशवीला एकदा गती दिली, की ती बव्हंशी तशीच राहते. बुटाला मात्र प्रत्येक पावलाला नव्याने गती द्यायची आणि लगेच काढून घ्यायची.

हे गणित ढोबळ आहे. स्नायू काही साधी स्प्रिंग नव्हेत. पण चालणाऱ्या माणसाला किती प्राणवायू लागतो हे मोजून शरीरशास्त्रज्ञांनी जे प्रयोग केले, त्यांतही पायातले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा सुमारे चार ते सहा पट महाग पडते असे दिसून आले. समजा, एक जोडी १६०० ग्रॅमची आहे आणि दुसरी ९०० ग्रॅमची. फरक ७०० ग्रॅम. पाच पट धरले तर जड जोडी घेणे म्हणजे पाठीवर साडेतीन किलो जास्त घेणे. साडेतीन लिटर पाणी! एवढे ओझे तुम्ही उगीच गडावर न्याल का?

मग असे जड, ताठ बूट कोणी बनवले आणि कशासाठी? अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात किंवा अलास्कात शिकारीला जाणारे लोक पायवाट सोडून दिवसचे दिवस आडव्या उतारांवरून फिरतात आणि परतताना पाठीवर मांसाचे भलेमोठे ओझे आणतात. उताराला आडवे जाताना सोलची फक्त एक कड जमिनीत रुतते. त्या कडेवर सगळा भार असताना बूट पिळला जाता कामा नये, म्हणून सोल ताठ हवा आणि वरचे चामडेही जाड हवे. त्यांच्यासाठी तो बूट अगदी योग्य आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनंतर शिकार जवळजवळ पूर्णपणे बंद झाली. 'हंटर शूज' हे नाव तेवढे कॅनव्हासच्या बुटांना चिकटून राहिले आहे. दिवसभराची पिशवी घेऊन मळलेल्या वाटेने गड चढणाऱ्याला अलास्कातला बूट घेण्याचे कारण नाही.

या शिकारी बुटांच्या इतिहासात टिकाऊपणाचा एक फार चांगला धडा आहे. अमेरिकेच्या मेन राज्यातले लिऑन लिऑनवूड बीन शिकारीत पाय भिजून वैतागले होते. त्यांनी खाली रबर आणि वर हलके चामडे अशी जोडणी करून बूट तयार केले आणि १९१२ साली टपालाने विकले. पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद परत आल्या. चामडे शाबूत होते, रबरही शाबूत होते, पण दोहोंना जोडणारे टाके रबर फाडून बाहेर आले होते. बीन यांनी सर्वांचे पैसे परत केले, रबर सुधारले आणि पुन्हा विक्री सुरू केली.

टाके का निघाले? कागदावर सुईने एका ओळीत भोके पाडा आणि ओढा. कागद बरोबर त्या ओळीवरच फाटतो. टपालाच्या तिकिटांच्या ताव्यावर भोके असतात ती याचसाठी. अखंड पदार्थात बल सगळीकडे पसरते, भोकाच्या कडेला ते एकवटते. म्हणून बूट घेताना चामड्याच्या जाडीपेक्षा त्याचे सांधे पाहा. चवड्याजवळ जिथे बूट दर पावलाला दुमडतो, तिथे टाक्यांच्या ओळी जितक्या कमी तितके बरे. बूट दोन्ही हातांनी दुमडून सोल आणि वरचा भाग यांच्यामध्ये फट दिसते का तेही पाहा. नवेपणीच फट दिसली, तर पहिल्या पावसातच सोल 'आ' वासणार.

आता पकडीकडे वळू. पूर्वी युरोपातले गिर्यारोहक सोलला लोखंडी खिळे ठोकलेले बूट वापरीत. गवतावर आणि बर्फावर ते चालत. पण लोखंड उष्णतेचे सुवाहक, त्यामुळे पायाची ऊब खिळ्यांवाटे निघून जाई. शिवाय कड्याशी पोचल्यावर हे बूट काढून पातळ, मऊ तळाचे जोडे घालावे लागत. १९३५ साली आल्प्समधील पुंता रासिका या शिखरावर वादळात सापडून सहा इटालियन गिर्यारोहक थंडीने मृत्युमुखी पडले. त्यांचे मित्र विताले ब्रामानी यांनी या घटनेनंतर रबरी सोलचा ध्यास घेतला. मोटारीच्या टायरसारखे प्रक्रिया केलेले रबर आणि त्यात खोल खाचा अशा सोलचे पेटंट त्यांनी १९३७ साली घेतले. या नक्षीला त्यांनी 'रणगाडा' या अर्थाचे इटालियन नाव दिले. १९५४ साली के-टू शिखरावर प्रथम पोचलेल्या इटालियन चढाईपटूंच्या बुटांना हेच सोल होते. आज जगभरच्या डोंगरी बुटांखाली जी नक्षी दिसते, तिचे मूळ इथे आहे.

खाचा खोल म्हणजे पकड चांगली, असे मात्र सरसकट समजू नका. चिखलात आणि भुसभुशीत मातीत खाचांमधले ठोकळे आत रुततात. मग घसरायचे तर ती माती कापूनच घसरावे लागते. शिवाय खाचा रुंद असल्या, तर अडकलेला चिखल गळून पडतो. पण सह्याद्रीचा काळा कातळ ओला असला, तर ठोकळे त्यात रुतणार कसे? तिथे उपयोग होतो तो रबराच्या मऊपणाचा. खडकावर डोळ्यांना न दिसणारे लहान लहान उंचवटे असतात. मऊ रबर त्यांच्याभोवती दबून बसते आणि सुटताना अडखळते. घर्षण हे स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे तुमच्या पुस्तकात लिहिले आहे. रबर तो नियम पूर्णपणे पाळत नाही. म्हणून कातळासाठी मऊ आणि बराचसा सपाट सोल चांगला. मात्र मऊ रबर लवकर झिजते. पकड आणि टिकाऊपणा यांचे इथे उघड भांडण आहे आणि दोन्ही भरपूर देणारा सोल कोणी देऊ केला, तर मी तरी सावधपणेच विश्वास ठेवीन. अंगठ्याचे नख सोलवर दाबून पाहा. जरासुद्धा खूण उमटली नाही, तर तो सोल वर्षानुवर्षे टिकेल आणि ओल्या कातळावर तितकाच घसरेल.

पकड मोजायची असेल तर एक सोपा प्रयोग करा. साधारण दोन फूट लांबीचा शहाबादी फरशीचा तुकडा घ्या. बुटात किलोभर वाळूची पिशवी ठेवून तो फरशीवर ठेवा. मोठ्या माणसाच्या मदतीने फरशीचे एक टोक हळूहळू उचला. बूट घसरू लागेल तिथे थांबा. उचललेल्या टोकाची जमिनीपासूनची उंची आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून फरशीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे आडवे अंतर मोजा. उंचीला अंतराने भागले, की घर्षणांक मिळाला! पाया ५० सेंटिमीटर आणि उंची ४० सेंटिमीटर असेल, तर घर्षणांक ०.८. आता फरशी ओली करून पुन्हा मोजा. मग शेवाळाच्या ऐवजी साबणाचे पाणी पसरून मोजा. घरातल्या सगळ्या चपला-बुटांची परीक्षा घेऊन तक्ता करा. तिसऱ्या रकान्यातले आकडे नीट पाहा. तिथे सोल फरशीला टेकतच नाही, तो मधल्या बुळबुळीत थराला टेकतो. शेवाळलेल्या पायऱ्यांवर हेच घडते. तिथे भरवसा ठेवावा असा बूट मला ठाऊक नाही. हात टेकावा किंवा वाट बदलावी.

वाटाड्या गावकरी टायरच्या वहाणा घालून झपाझप पुढे जातो, तो कसा, असे तुम्ही विचाराल. त्याच्या वहाणा हलक्या असतात, पाण्यात लगेच वाळतात, आणि पाऊल कुठे टाकायचे नाही हे त्याच्या पायांना लहानपणापासून माहीत असते. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्याला विकत घेता येतात.

सोल फार पातळही नको. ५० किलोग्रॅम वजनाच्या मुलाचे पाऊल अणकुचीदार दगडावर पडले आणि स्पर्श एकाच चौरस सेंटिमीटरचा झाला, तर तिथे दाब होतो चौरस सेंटिमीटरला ५० किलोग्रॅम-भार. जरा ताठ सोल हाच भार साऱ्या तळपायावर पसरवतो. बुटाची टाच एका हातात, पुढचे टोक दुसऱ्या हातात धरून ओले फडके पिळतो तसा पिळून पाहा. फडक्यासारखा पिळला गेला तर नको. चवड्याजवळ मात्र दुमडला पाहिजे.

माप घ्यायचे ते संध्याकाळी. दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजलेले असतात आणि डोंगरातही ते सुजणारच. जे मोजे गडावर घालणार तेच घालून जा आणि उभे राहून माप द्या. उतरताना काय होते ते पाहा. ३० अंशांच्या उतारावर तुमच्या वजनाचा उताराच्या दिशेने खेचणारा भाग बरोबर निम्मा असतो, म्हणजे ५० किलोला २५ किलोग्रॅम-भार. एवढ्या जोराने पाऊल बुटात पुढे सरकू पाहते. नाडी सैल असेल, तर त्याला अडवायला फक्त बोटांची नखे उरतात. गडावरून आल्यावर काळी पडलेली नखे दिसतात ती यामुळे. बोटांपुढे आंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी आणि उतरणीला लागण्यापूर्वी नाड्या पुन्हा आवळून बांधायला हव्यात. दुकानातल्या उतरत्या फळीवर किंवा जिन्यावर चालून दाखवू द्या म्हणावे. टाच वर उचलली जात असेल, तर तिथे फोड येणारच.

फोड येतो तो कातडी वरून घासून नव्हे. बाहेरची कातडी मोज्याला चिकटून एकीकडे ओढली जाते आणि आतले हाड दुसरीकडे. त्यामुळे कातडीचे थर आतल्या आत सुटतात आणि मध्ये द्रव भरतो. ओली कातडी कोरडीपेक्षा जास्त घट्ट चिकटते, म्हणून पाणी धरून ठेवणारे सुती मोजे इथे वाईट. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे बरे.

ओलाव्यावरून 'वॉटरप्रूफ' बुटांची गोष्ट आली. या बुटांत एक पातळ पडदा असतो. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा फार लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा मोठी. पाऊस बाहेर राहतो, घामाची वाफ निघून जाते. पण वाफ आपणहून जात नाही, आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जास्त असावा लागतो. पायाजवळ ३४ अंश सेल्सिअसला संपृक्त बाष्पदाब सुमारे ४० मिलिमीटर पारा असतो. हिमालयात शून्य अंशाला हवा संपृक्त असली, तरी बाहेरचा दाब ५ मिलिमीटरपेक्षा कमी. फरक ३५ हून जास्त, तेव्हा वाफ जोराने बाहेर पडते. जुलैत सह्याद्रीत २५ अंशांची संपृक्त हवा असते, तिचा दाब सुमारे २४. फरक उरतो १६, म्हणजे निम्म्याहूनही कमी. वरचे कापड भिजून चिंब झाले, की तेवढीही वाट राहत नाही. शिवाय ओढा ओलांडताना पाणी शिरते ते वरून, आणि मग जो पडदा पाणी आत येऊ देत नाही, तो बाहेरही जाऊ देत नाही! पावसाळी सह्याद्रीसाठी, माझ्या मते, जाळीच्या कापडाचा, पाणी निथळून जाणारा बूट आणि पिशवीत कोरड्या मोज्यांची जादा जोडी हेच बरे. भिजलेले चामड्याचे बूट चुलीपाशी वाळवू नका. चामडे आक्रसते आणि तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत ठेवा.

आणि एक धोका असा, की तो बाहेरून दिसत नाही. पुष्कळ बुटांत बाहेरचे रबर आणि पाऊल यांच्यामध्ये पॉलियुरेथेन नावाच्या फेसाळ प्लॅस्टिकचा मऊ थर असतो. हवेतील बाष्पाशी संयोग होऊन त्याचे रेणू हळूहळू तुटत जातात. उष्ण आणि दमट हवेत हे जास्त वेगाने घडते आणि बूट वापरला नाही म्हणून थांबत नाही. कपाटात चार-सहा वर्षे जपून ठेवलेला, वरून कोरा करकरीत दिसणारा बूट गडाच्या अर्ध्या वाटेत सोल सोडून देतो तो यामुळे. पुढे लागतील म्हणून दोन जोड्या घेऊन ठेवण्यात म्हणूनच फायदा नाही. मोठ्या भावाचे जुने बूट मिळाले असतील, तर निघण्याच्या आठवडाभर आधी त्या मधल्या थरावर अंगठा दाबा. भेगा दिसल्या किंवा भुगा हाताला लागला, तर तो थर संपला; नुसते सोल्युशन लावून तो जोडता येत नाही. आणि बूट चांगले असले, तरी पिशवीत तीन-चार हात मजबूत दोरी असू द्या. सोल निघालाच, तर चवड्याभोवती दोन वेढे आणि घोट्यामागून एक वेढा घेऊन गावापर्यंत उतरता येते.